तुमचा पक्षकार कोण, ताई?

पत्राचा गोषवारा (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत)

पत्र लिहिणाऱ्या वाचक ३१ वर्षांच्या वकील आहेत. कोल्हापुरातच वाढल्या, इथेच शिकल्या. जिल्ह्यातल्या एका स्थानिक स्वराज्य संस्थेच्या वकील पॅनेलवर त्या दोन वर्षांपासून आहेत. संस्थेनं एका गजबजलेल्या रस्त्याचा भाग ठराव करून 'ना-फेरीवाला क्षेत्र' जाहीर केला आणि नंतर तिथले गाडे उचलले. विक्रेत्यांनी ठरावालाही आव्हान दिलं आणि कारवाईलाही. संस्थेची बाजू मांडायचं काम या ताईंकडे आलं. याचिका करणाऱ्यांत त्यांच्या पेठेतल्या एक भाजीवाल्या मावशी आहेत. कोर्टाच्या आवारात त्या म्हणाल्या, "आमच्यातलीच की गं तू, आणि आमच्याच इरुद्ध उभी?" भरीस भर म्हणून, 'कारवाईपूर्वी सर्वांना सुनावणी दिली होती' असं प्रतिज्ञापत्रात लिहा, असा विभागातल्या एका अधिकाऱ्याचा आग्रह आहे. फाइलमध्ये सुनावणीचा कागदच नाही. ताई विचारतात, "हे काम म्हणजे गरिबांच्या पोटावर पाय देणं आहे का? राजीनामा देऊन मोकळी होऊ का? की वकिलानं असल्या गोष्टी मनाला लावूनच घ्यायच्या नसतात?"

उत्तर

प्रिय ताई,

मावशींचं वाक्य तुम्ही पत्रात तीनदा लिहिलंय. पहिल्यांदा घडलं तसं, मग घरी सांगितलं तसं, आणि शेवटी तुमचा स्वतःचा प्रश्न म्हणून. ते मनाला लागलं, यात काही चुकलेलं नाही. 'वकिलानं मनाला लावून घ्यायचं नसतं' हा सल्ला मला कधीच पटला नाही. ज्या वकिलाच्या मनाला काहीच लागत नाही, तो फाइलसुद्धा नीट वाचत नाही, असा माझा अनुभव आहे.

पण तुमच्या पत्रात काही गोष्टी गृहीत धरलेल्या दिसतात. त्या आधी तपासून पाहू.

पहिली गोष्ट तुमच्या पक्षकाराची. 'साहेबांना वाईट वाटेल', 'साहेब म्हणतात तसं लिहावं लागेल' असं तुम्ही लिहिता. वकीलपत्रावर सही साहेबांची असली, तरी साहेब तुमचे पक्षकार नाहीत. ते संस्थेच्या वतीनं सही करतात. कायद्यानं महानगरपालिका किंवा नगरपरिषद ही स्वतंत्र व्यक्ती आहे. तिला अखंड परंपरा आहे, स्वतःचा शिक्का आहे, स्वतःच्या नावानं दावा लावता येतो आणि तिच्यावर लावताही येतो. साहेबांची दोन-तीन वर्षांत बदली होईल, सभागृह बदलेल, ती मात्र राहील. आणि ती कोणाची मिळून बनली आहे, हे पाहायला गेलं तर त्यात मावशीही येतात, त्यांच्या गाड्यामुळं फुटपाथ सोडून रस्त्यावरून चालणारे आजोबाही येतात आणि त्याच रस्त्यावरून सीपीआर रुग्णालयाकडं निघालेली रुग्णवाहिकाही येते. या सगळ्यांनी मिळून केलेल्या नियमाची बाजू कोणीतरी कोर्टात मांडायला हवी. ते काम हलकं नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे नियम गरिबांच्या विरुद्धच असतो, ही समजूत. मोकळ्या रस्त्यावर, काहीच नियम नसेल तर, कोणाचा गाडा चांगल्या जागी लागतो? ज्याच्या मागं माणसं आहेत त्याचा. सकाळी सहाला जुड्या घेऊन येणाऱ्या एकट्या बाईला कोपरा मिळतो, तोही उद्या सुटेल या भीतीसह. फेरीवाल्यांच्या हक्कांची लढाई गेल्या काही दशकांत लढली गेली, ती नियम नकोत म्हणून नव्हती, नीट नियम हवेत म्हणून होती. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ओल्गा टेलिस खटल्यात मुंबईतल्या पदपथावर राहणाऱ्यांबद्दल निर्णय दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे त्यातलं वाक्य सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच निकालात मुंबई महापालिकेच्या कायद्यातलं, नोटिशीशिवाय अतिक्रमण काढण्याचा अधिकार देणारं ३१४ कलम न्यायालयानं वैध ठरवलं, हे फार जणांच्या लक्षात नसतं. अधिकार आहे, पण तो वापरताना माणसाचं म्हणणं ऐकून घेणं हाच नियम, न ऐकणं हा अपवाद, असा त्याचा अर्थ न्यायालयानं लावला. महापालिकेचा कायदा टिकला आणि माणसाचा हक्कही टिकला. तुमच्या कामाचं सार मला या निकालात दिसतं.

१९८९च्या सोदान सिंग खटल्यात रस्त्यावर व्यवसाय करण्याचा हक्क मूलभूत मानला गेला, वाजवी निर्बंधांच्या अधीन राहून. मग २०१४चा पथविक्रेता कायदा आला. तुमचं सगळं प्रकरण आज त्या कायद्याभोवती फिरतं.

आता मुख्य मुद्दा. तुमच्या समोरच्या याचिकेत तीन मागण्या असणार: ठराव रद्द करा, कारवाई बेकायदा ठरवा, जप्त माल परत द्या. बहुतेक वकील या तिन्हींना मिळून एकच उत्तर देतात, 'सर्व आरोप नाकबूल'. तिथंच घात होतो. नियमाचा बचाव ही एक गोष्ट आणि त्या नियमाखाली त्या दिवशी केलेल्या कारवाईचा बचाव ही दुसरी. दोन्हींना वेगवेगळे प्रश्न विचारले जातात आणि दोन्हींची उत्तरं वेगवेगळ्या कागदांत असतात.

नियमाबद्दल न्यायालय विचारतं: हा नियम करायचा अधिकार तुम्हाला कोणत्या कलमानं दिला? तो करताना ठरलेली पद्धत पाळली का, म्हणजे मसुदा प्रसिद्ध झाला का, हरकती-सूचना मागवल्या का, आलेल्या हरकतींवर विचार झाल्याचं इतिवृत्तात दिसतं का? मूळ कायद्याशी तो विसंगत तर नाही ना? आणि शेवटी, तो वाजवी आहे का? या शेवटच्या प्रश्नावर संस्थेला बरीच मोकळीक मिळते. इंग्लंडमधल्या केंट परगण्यात एक उपविधी, म्हणजे स्थानिक संस्थेनं केलेला नियम, होता: घरापासून पन्नास यार्डांच्या आत, थांबायला सांगितल्यावरही, रस्त्यावर गाणं-वाजवणं चालू ठेवलं तर गुन्हा. १८९८ साली त्याला आव्हान दिलं गेलं. लोकांनी निवडून दिलेल्या संस्थेचे नियम न्यायालयानं सहानुभूतीनं वाचावेत, एखाद्या न्यायाधीशाला ते जरा जास्तच कडक वाटले एवढ्यावरून मोडू नयेत, असं तिथल्या न्यायालयानं म्हटलं. मात्र नियम माणसामाणसांत पक्षपात करणारा, उघड अन्यायाचा किंवा वाईट हेतूनं केलेला असेल तर तो टिकणार नाही, हेही सांगितलं. आपल्याकडंही कायदा वैध आहे असं गृहीत धरूनच सुरुवात होते. तो अवैध आहे हे दाखवायचा भार आव्हान देणाऱ्यावर असतो. म्हणजे नियमाच्या मैदानात तुम्ही कमजोर नसता.

कारवाईच्या मैदानात अशी मोकळीक नाही. तिथं नोटीस, तारीख, पोच, सुनावणी, पंचनामा, बस.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका नगरपालिकेचं काम माझ्याकडं होतं. रस्तारेषेत, म्हणजे रस्त्यासाठी आखून ठेवलेल्या हद्दीत, आलेली एक टपरी उचलली होती आणि टपरीवाल्यानं दिवाणी दावा लावला होता. निशाणी पाचचा अर्ज, तूर्तातूर्त मनाईसाठी. रस्तारेषा अगदी रीतसर मंजूर झालेली होती. नकाशा, ठराव, राजपत्र सगळं होतं. त्यावर मी अर्धा तास बोलले. न्यायाधीश ऐकत होते, पण त्यांचं बोट फाइलीतल्या एका पानावर थांबलं होतं. ती टपालाची पोच होती, मागं कार्बनचा निळा डाग पडलेली. मग त्यांनी पंचनाम्याचं पान उलटलं आणि दोन तारखा मोठ्यानं वाचल्या. टपरी काढली पंधराला. नोटीस मिळाली सोळाला. पुढं ते काही बोलले नाहीत, मलाही बोलण्यासारखं काही उरलं नाही. मनाई हुकूम झाला, आणि त्या हुकुमामुळं ती रस्तारेषाच कितीतरी वर्षं अडकून पडली. नियम चांगला होता. दोन तारखांनी तो बुडवला. ती पोच मी आदल्या रात्री पाहिली होती. साहेबांना फोन करून 'ही नोटीस मागे घ्या, नव्यानं द्या' असं सांगायचं धाडस मला झालं नाही. त्याची खंत मला आजही आहे, म्हणून तुम्हाला इतक्या कळकळीनं लिहिते आहे.

आता तुमच्या प्रकरणातला कायदा. २०१४च्या कायद्याची पहिली अनुसूची नीट वाचा, मूळ कायद्याइतकीच बारकाईनं. पथविक्रेत्यांचं सर्वेक्षण झालेलं नसेल आणि पथविक्री आराखडा तयार नसेल, तर तोवर कोणतंही क्षेत्र ना-फेरीवाला जाहीर करता येत नाही. सर्वेक्षणात 'नैसर्गिक बाजार' (जिथं विक्रेते आणि गिऱ्हाईक पूर्वापार जमत आले आहेत) म्हणून नोंदलेली जागा ना-फेरीवाला करता येत नाही. केवळ गर्दी होते, हे कारण पुरत नाही. अस्वच्छतेचं कारण द्यायचं तर ती अस्वच्छता फक्त विक्रेत्यांमुळंच आहे आणि संस्थेनं स्वतः योग्य उपाय करूनही ती सुटणारी नाही, हे दाखवावं लागतं. आणि जाहीर करताना कमीत कमी विक्रेते हलतील असं पाहावं लागतं. शिवाय सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्रीची प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कोणाला उठवता येत नाही, आणि नंतर हलवायचं झालं तरी तीस दिवसांची नोटीस लागते.

म्हणून उद्या सकाळी कार्यालयात जाऊन आधी तीन कागद मागा: सर्वेक्षणाचा अहवाल, नगर पथविक्रेता समितीच्या बैठकीचं इतिवृत्त, आणि ठरावाला जोडलेली विभागाची टिपणी. तिन्ही असतील तर ठराव मनापासून लढवा, जराही ओशाळू नका. त्या समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात आणि त्यांत एक तृतीयांश महिला. अशा समितीशी विचारविनिमय करून झालेला ठराव म्हणजे मावशींसारख्यांचा आवाज ऐकून झालेला ठराव आहे, हे न्यायालयापुढं ठामपणे मांडता येतं. हे कागद नसतील, तर तुमची अडचण नैतिक नाही, सरळ कायदेशीर आहे: ज्याला पाया नाही त्याचा बचाव तुम्ही करू शकत नाही आणि तसं संस्थेला सांगणं हेच तुमचं काम आहे.

आता प्रतिज्ञापत्र. यात घोळ घालू नका. सुनावणीचा कागद नाही तर 'सुनावणी दिली' असं लिहायचं नाही. अधिकारी कदाचित म्हणतील, तोंडी दिली होती. मग कोणाला, कधी, कुठल्या खोलीत, समोर कोण होतं, ते स्वतःच्या शपथेवर त्यांनी सांगावं. प्रतिज्ञापत्रावर शपथ त्यांची असते, तुमची नाही. खोट्या पुराव्याचा गुन्हाही त्यांच्या माथी येतो, हे त्यांना शांतपणे समजावून सांगा. बऱ्याच अधिकाऱ्यांना हे कोणी सांगितलेलंच नसतं. ते वाईट असतात म्हणून खोटं लिहायला सांगत नाहीत. वरून दट्ट्या असतो आणि वकिलाला सांगितलं की झालं, असं त्यांना वाटतं.

शिवाय त्या वाक्यानं फायदाही व्हायचा नाही. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयापुढं गोर्धनदास भानजी यांचा खटला आला होता. अंधेरीत सिनेमागृह बांधायला मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी दिलेली परवानगी नंतर रद्द झाली होती. सार्वजनिक अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाचा अर्थ त्या आदेशातल्या शब्दांवरूनच लावायचा, आपल्या मनात तेव्हा काय होतं हे त्यानं मागाहून सांगून चालत नाही, हे तेव्हा ठरलं. १९७७च्या मोहिंदर सिंग गिल खटल्यात हेच तत्त्व आणखी पक्कं झालं: आदेशात नसलेली कारणं नंतर प्रतिज्ञापत्रानं भरता येत नाहीत. म्हणजे तुम्हाला जे लिहायला सांगतात ते खोटंही आहे आणि निकामीही. दुसरं कारण साहेबांना लवकर पटतं. आधी तेच सांगा.

मग करायचं काय? लेखी अभिप्राय द्या. दोन पानांचा, सभ्य भाषेत, तारखांसह. तो आवक शिक्का मारून घ्या आणि प्रत स्वतःकडं ठेवा. त्यात संस्थेला वाट दाखवा, कारण नुसतं 'हे टिकणार नाही' म्हणणारा वकील कोणाला नको असतो. सगळ्यात स्वच्छ वाट म्हणजे नव्यानं, कायद्यानुसार कार्यवाही करण्याची मुभा राखून सध्याची कारवाई मागे घेणं, तसं न्यायालयात निवेदन करणं आणि माल परत देणं. २०१४च्या कायद्यानुसार नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच परत द्यायचा असतो, टिकाऊ माल दोन कामाच्या दिवसांत. मावशींची भाजी तर कधीच वाळून गेली असेल; पण गाडा आणि तराजू अजून गोदामात पडून असतील तर ते आजच सुटायला हवेत. कारवाईचा भाग असा मिटला की ठरावाचा मुद्दा, तो पक्का असेल तर, निर्मळपणे ऐकला जाईल. नाहीतर तुमच्या नियमाकडं न्यायमूर्ती वाळलेल्या मेथीच्या जुडीतून बघतील, आणि तसं बघणं साहजिक आहे.

एक गोष्ट आता तुमच्या बाजूनं आहे. १८ ऑगस्ट २०२५पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) कोल्हापुरात बसतंय. त्याआधी अशा याचिकेसाठी रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई गाठायची, सकाळी धावतपळत कोर्टात जायचं आणि 'सूचना घेण्यासाठी वेळ द्यावा' म्हणून पुढची तारीख मागायची, असं चालायचं. फाइल इकडं, वकील तिकडं. आता भाऊसिंगजी रोडवरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत सुनावणी असेल तर दुपारच्या सुटीनंतर अधिकारी मूळ फाइल घेऊन हजर राहू शकतात. त्यांना घेऊन जा. मागच्या बाकावर बसून न्यायमूर्ती पोचपावतीची तारीख विचारतात ते एकदा स्वतःच्या कानानं ऐकलं, की पुढच्या नोटिशी आपोआप नीट निघू लागतात. माझ्या दहा अभिप्रायांनी जे झालं नसतं, ते अशा एका दुपारनं झालेलं मी पाहिलं आहे.

राजीनाम्याचं विचाराल तर आज देऊ नका. तुम्ही बाहेर पडलात तर त्या खुर्चीवर 'सुनावणी दिली' असं लिहून देणारा कोणीतरी बसेल, आणि मावशींच्या पदरात काहीच पडणार नाही. मात्र लेखी अभिप्राय देऊनही खोट्या प्रतिज्ञापत्राचा आग्रह कायम राहिला तर मागं वळून पाहू नका. आपल्या पक्षकाराला गैर मार्गापासून रोखणं आणि तो ऐकतच नसेल तर त्याचं काम न करणं, हे बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेच्या, नियमांतच आहे. सोडतानाही रीत असते: पुरेशी सूचना, कागद परत, फाइलमधलं बाहेर एक अक्षर नाही. आणि याच प्रकरणात मग विक्रेत्यांच्या बाजूनं उभं राहता येणार नाही. मोह होईल, म्हणून आधीच सांगून ठेवते.

मावशी ओळखीच्या आहेत एवढ्यानं तुम्ही अपात्र ठरत नाही. कोल्हापूर केवढंसं; पेठेत ओळख नसलेला पक्षकार सापडायचा कुठं? पण ही ओळख विधी विभागाला लेखी कळवून ठेवा. उद्या कोणी बोट दाखवलं तर तो कागद कामाला येईल. आणि युक्तिवाद करताना आपला हात आखडतोय असं मनोमन वाटलं, तर तेवढं एक प्रकरण पॅनेलवरच्या दुसऱ्या वकिलाकडं देण्याची विनंती करा. त्यात कमीपणा नाही.

अशाच पेचात असलेल्या इतर वाचकांसाठी थोडं. नगरपरिषदांत नव्यानं लागलेल्या विधी अधिकाऱ्यांनी कारवाईनंतर वकील शोधण्यापेक्षा नोटिशीचा मसुदा आधी वकिलाकडून तपासून घ्यावा. आणि मोठी कारवाई ठरली असेल तर कॅव्हेट, म्हणजे 'आमचं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका' असा अर्ज, दाखल करावं, ते नव्वद दिवस चालतं, म्हणजे एकतर्फी मनाई होत नाही. पथविक्रेत्यांनी सर्वेक्षणाची पावती, जुन्या दंडाच्या पावत्या, जागेचे फोटो एका पिशवीत जपून ठेवावेत, आणि माल उचलताना यादी मागून घ्यावी. ती देणं संस्थेवर बंधनकारक आहे. ज्या महिलांना वकील परवडत नाही त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जावं. महिलांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

आणि मावशी. त्यांचे वकील आहेत, तेव्हा प्रकरणाबद्दल त्यांच्याशी एक शब्द बोलू नका. तो नियम त्यांच्याच भल्यासाठी आहे. पण रस्ता बदलून घरी जाऊ नका. त्या पुन्हा विचारतील, "का गं, इरुद्ध का?" तेव्हा इतकंच सांगा: "मावशी, नोटीस रीतसर यावी, तुमचं ऐकून घ्यावं, हे सांगायला आतल्या बाजूला पण कोणीतरी लागतंय." त्यांना ते पटेल की नाही, मला सांगता येणार नाही. त्या आता जिथं बसतात तिथं जा, नेहमीसारखी भाजी घ्या, आईची विचारपूस करतील तर उत्तर द्या. आणि उद्या सकाळी पहिल्यांदा ते तीन कागद मागा.

तुमची,
एक जुनी वकील